ट्रान्सफॉर्मर बदलला, कारण तसंच राहिलं



दशलक्षण पर्वात दुपारच्या भजनाला आमच्याकडे दहा-बारा बायका जमतात. यंदा कोपऱ्यातल्या जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरकडे बघून जवळजवळ प्रत्येकीने एकच विचारलं, "एवढा खर्च कशाला केलास गं? दोन हजारांत हातात मावणारा स्पीकर मिळतो." एकीने तर हसत हसत विचारलं, "अपरिग्रहावर लिहितेस आणि माळ्यावरचं जुनं लोखंड खाली काढतेस?"

प्रश्न बरोबर आहे. तेव्हा उत्तर दोन वाक्यांत देता आलं नाही म्हणून आज लिहिते आहे. विषय विजेचा आहे, पण कंटाळू नका. मलाही आधी यातलं काही कळत नव्हतं.

हा ॲम्प्लिफायर मामंजींचा. चातुर्मासात प्रवचनाला, पर्वात भजनाला तो मंदिरात जायचा. भाडं कधी घेतलं नाही. मामंजी गेल्यावर तो माळ्यावर गेला आणि पंधरा वर्षं तिथेच राहिला. गेल्या उन्हाळ्यात थोरल्याने तो खाली काढला, पुसला आणि थेट प्लग लावला. पाच मिनिटं घरघर आली, मग जळक्या वार्निशचा वास, आणि खालून काळा चिकट रस ओघळला. आम्ही बटण बंद करेपर्यंत आतला मोठा ट्रान्सफॉर्मर गेला होता.

माझं मत होतं, भंगारात द्या. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "कुणाला तरी दाखवा तरी." म्हणून दाखवला.

पहिल्या दुरुस्तीवाल्याने चार दिवसांत परत आणून दिला. बाजारातला तयार ट्रान्सफॉर्मर बसवला होता, कंडेन्सर बदलले होते, २,६०० रुपये घेतले. वर सांगितलं, "मोठा कंडेन्सर टाकलाय, आता घुरघुर येणारच नाही." खरंच येत नव्हती. पाच आठवडे छान वाजला. मग एका संध्याकाळी एका व्हॉल्व्हच्या काचेत निळी ठिणगी दिसली, मोठा आवाज झाला, आणि पुन्हा तोच वास. नवा ट्रान्सफॉर्मरही गेला.

त्या रात्री मला राग आला तो पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा. एकाच घरात, एकाच वस्तूत, एकच चूक दोनदा कशी झाली?

नंतर आम्ही तो मोटार रिवाइंडिंगच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेला. शेतीपंपाच्या मोटारी भरण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पण तरुणपणी व्हॉल्व्हचे रेडिओही केलेले. त्यांनी पेटी उलटी केली, चष्मा लावला आणि पहिलं काय बघितलं असेल? फ्यूज. त्यात पाच अँपियरचा फ्यूज होता. मग विचारलं, "वहिनी, पहिल्यांदा जळाला तेव्हा फ्यूज कसला होता?" थोरला खाली बघू लागला. मूळच्या फ्यूजच्या जागी कुणीतरी कधीतरी तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती. आम्ही सगळ्यांनी ती बघितलेली होती.

मिस्त्री म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर सहसा आपणहून जळत नाही. त्याला कुणीतरी जाळतं. तो शेवटी मरतो, म्हणून आपण त्याच्यावर ठपका ठेवतो."

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे एका चुलीवर तीन पातेली. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज एकीकडून आत जाते आणि दुसरीकडून तीन वेगळ्या तारांतून बाहेर येते. एक ६.३ व्होल्टची, सगळ्या व्हॉल्व्हच्या आतली तार तापवायला. एक ५ व्होल्टची, फक्त रेक्टिफायर व्हॉल्व्ह तापवायला. आणि तिसरी उंच दाबाची, ३५०-०-३५० व्होल्टची. ही तिसरी रेक्टिफायरमधून आणि कंडेन्सरमधून गेली की साधारण चारशे व्होल्टची सरळ वीज तयार होते, आणि त्यावर आवाजाचे मोठे व्हॉल्व्ह चालतात. आमच्या पेटीत ईएल ३४ जातीचे दोन मोठे व्हॉल्व्ह आहेत, दोन लहान ईसीसी ८३ आणि रेक्टिफायर जीझेड ३४.

पहिल्यांदा काय झालं? कंडेन्सर पंधरा वर्षं न वापरता पडून होते. असे जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकतात, गळके होतात. त्यांच्यावर एकदम पूर्ण दाब दिला तर ते वीज साठवण्याऐवजी सरळ पुढे सोडून देतात. सगळा भार ट्रान्सफॉर्मरवर आला. फ्यूजने जीव द्यायचा, तर फ्यूजच नव्हता, तार होती. म्हणून ट्रान्सफॉर्मरने दिला.

दुसऱ्यांदा काय झालं? हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जीझेड ३४ या व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की त्याच्यापुढचा पहिला कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा नसावा. मूळचा ३२ चा होता. दुरुस्तीवाल्याने टाकला २२०. कारण सोपं: जास्त म्हणजे चांगलं. टाकी केवढीही मोठी बांधली, तरी भरणारी बाई एकच, आणि तिला दर खेपेला एका दमात तेवढ्या कळशा ओतायच्या. पाच आठवडे तिने ओतल्या. मग ती बसली. रेक्टिफायर आतल्या आत चिकटला, ट्रान्सफॉर्मरच्या तारा एकमेकींना भिडल्यासारखं झालं, आणि पाच अँपियरचा फ्यूज शांत बसून राहिला. अख्ख्या ॲम्प्लिफायरला अर्धा अँपियरसुद्धा लागत नाही. पाचचा फ्यूज त्याला तारेइतकाच निरुपयोगी.

मला तिथेच, त्या तेलकट दुकानात बसल्या बसल्या, परिग्रह-परिमाण आठवलं. आपलं पाचवं अणुव्रत. आपण ते पैसा, दागिने, जमीन यांच्यापुरतं धरतो आणि वहीत आकडा लिहून मोकळ्या होतो. पण परिमाण म्हणजे मर्यादा, आणि मर्यादा ठरते ती पेलणाऱ्याच्या ताकदीवरून. साठा वाढवला तर तो साठा भरणारा कोणीतरी मागे असतो. घरात तो बहुतेकदा कमावणारा माणूस असतो, किंवा राबणारी बाई. साठा मोठा दिसतो, ताण दिसत नाही. दिसतो तेव्हा वास आलेला असतो.

आता दुरुस्तीबद्दल. पहिल्या दुरुस्तीवाल्याकडून आत्याबाईंनी जळका मूळ ट्रान्सफॉर्मर मागून घेतला होता. त्यांचा नियमच आहे, मिक्सर असो की पंखा, काढलेला भाग परत घ्यायचा. त्याचा इथे उपयोग झाला. मिस्त्री म्हणाले, नवा कशाला, याचाच गाभा वापरू. लोखंडी पत्र्यांना काही होत नाही, जळते ती तार आणि तिच्यावरचा थर. त्यांनी इंग्रजी ई आणि आय अक्षरांच्या आकाराच्या पत्र्या एकेक करून सोडवल्या, जुनी तार उलगडताना वेढे मोजून वहीत लिहिले, तारेची जाडी मोजली. मग हिशेब केला. मोठ्या दोन व्हॉल्व्हना तापायला दीड-दीड अँपियर, लहान दोघांना मिळून ०.६, म्हणजे ६.३ व्होल्टवर ३.६ अँपियर. रेक्टिफायरला ५ व्होल्टवर १.९. वर उंच दाबाचा खर्च. सगळं मिळून शंभर वॅटच्या आत-बाहेर. "मी दीडशेचा भरतो," म्हणाले, "उन्हाळ्यात धाप लागायला नको."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हीही जास्तच करताय की." ते हसले. "वहिनी, पेलणाऱ्याची ताकद वाढवली तर चालते. त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढवलं तर चालत नाही." मला यापुढे बोलायला काही राहिलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली, ती कुणी विचारली नव्हती: तुमच्या घरी किती व्होल्ट येतात? मोजलं तर रात्री आमच्याकडे २४५ पर्यंत जातात. मूळ जोडणी होती २२० ची. म्हणजे ६.३ च्या जागी व्हॉल्व्हला ७ व्होल्ट मिळत होते, दहा टक्क्यांहून जास्त. रोज थोडं थोडं जास्त. त्यांनी नव्या वाइंडिंगला २३० आणि २४५ अशा दोन जोडण्या ठेवल्या.

आता माझा प्रश्न. मी विचारलं, "मिस्त्री, वार्निश कसलं? लाखेचं आहे का?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. पूर्वी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच इन्सुलेशनला वापरत असत आणि पुठ्ठ्याची चौकट चिकटवायला सरस. लाख किड्यांपासून येते, सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना पाठशाळेपासून माहीत असतं. मामंजींच्या ७८ च्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच होत्या, हे मला त्यांच्या बोलण्यातूनच कळलं. आपण व्यापारी नाही, पण काम सांगणारे आहोत, आणि पर्याय असेल तर विचारायला काय हरकत? मिस्त्री म्हणाले, आता डब्यातलं सिंथेटिक वार्निश येतं, भट्टीत भाजलं की लाखेपेक्षा टिकाऊ. सरसही नको, प्लास्टिकचं बॉबिन घेऊ. एका पैशाचाही फरक पडला नाही. न विचारल्यामुळे आपल्या हातून किती गोष्टी होत असतील, असं वाटून गेलं.

पेटी साफ करायची वेळ आली तेव्हा ती मी मागून घेतली. आत कोळ्यांची जाळी होती, एक-दोन कोळी जिवंत होते. फुंकणीने सगळं उडवणं सोपं होतं. मऊ ब्रशने आधी त्यांना कागदावर घेऊन बाहेर सोडलं, मग धूळ काढली. अर्धा तास जास्त गेला. तारा सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढले आणि प्रत्येक तारेला फॉल-पिकोच्या रंगीत दोऱ्याची गाठ मारली. मिस्त्रींना ते इतकं आवडलं की उरलेल्या रिळी त्यांनी ठेवून घेतल्या.

जोडणी झाल्यावर त्यांनी लगेच प्लग लावला नाही. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून, शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब ओळीत जोडून वीज दिली. एलईडी इथे चालत नाही. आत कुठे वीज वाया जात असेल तर बल्ब भगभगतो, नसेल तर मंद होतो. मंद झाला. मग तिन्ही ठिकाणचे व्होल्ट मोजले. मग कंडेन्सर मूळ मापाचे, फ्यूज एक अँपियरचा सावकाश वितळणारा, दोन पिनेच्या जागी तीन पिनेचा प्लग आणि पेटीला अर्थिंग. मग नवा रेक्टिफायर, आणि सगळ्यात शेवटी मोठे व्हॉल्व्ह. सगळं मिळून ४,२०० रुपये झाले. पहिले २,६०० वेगळे.

म्हणजे ६,८०० रुपये. मैत्रिणींचा प्रश्न इथेच येतो.

माझं मत आता असं आहे. वस्तू फेकणं म्हणजे अपरिग्रह नव्हे. फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या दारात जाते. तांबं सोडवायला कुठेतरी उघड्यावर तारा जाळतात, तो धूर कुणीतरी ओढतं. आपल्या माळ्यावर जागा झाली एवढंच आपल्याला दिसतं. दशलक्षणात आठवा दिवस उत्तम त्यागाचा आणि नववा उत्तम आकिंचन्याचा. त्यागात वस्तू जाते, आकिंचन्यात 'माझं' जातं. पहिलं करून दुसरं झालं असं समजू नये.

पण जुनं आहे म्हणून धरून ठेवणं हाही मोहच. हे मी स्वतःला बजावते. ॲम्प्लिफायर खाली काढला तेव्हा माळ्यावर आणखी तीन बंद वस्तू निघाल्या: दोन रेडिओ, एक टेप. त्या दुरुस्त करायचा मोह थोरल्याला झाला होता. आम्ही घरात एकच प्रश्न ठेवला: ही वस्तू चालू झाली तर कोण, कधी वापरणार? ॲम्प्लिफायरला उत्तर होतं. बाकी तिन्हींना नव्हतं. त्या मिस्त्रींना देऊन टाकल्या, त्यांच्या सुट्या भागांवर दुसऱ्या कुणाचा तरी सेट चालेल. माळा आज खरंच मोकळा आहे.

आणि खरं सांगायचं तर लहान स्पीकरच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. हा ॲम्प्लिफायर शंभर वॅट खातो. दोन तास भजन म्हणजे ०.२ युनिट, पर्वाच्या दहा दिवसांत दोन युनिटं. लहान स्पीकर याच्या दहाव्या हिश्शातही भागवेल. शिवाय उघडे व्हॉल्व्ह इतके तापतात की वर पाखरू बसलं तर मेलंच, आणि रात्री त्यांच्या उजेडाला पाखरं येतातच. म्हणून आम्ही दोन नियम घातले. वर बारीक जाळीचं झाकण असल्याशिवाय लावायचा नाही, आणि सूर्यास्तानंतर लावायचा नाही. वर्षातून दशलक्षण आणि महावीर जयंती, एवढाच वापर. जी वस्तू ठेवायची तिच्या वापरालाही परिमाण हवं.

ज्यांच्या घरी असं काही जुनं असेल त्यांना हात जोडून सांगते. माळ्यावरून काढून थेट प्लग लावू नका. फ्यूजच्या जागी तार दिसली तर त्याच दिवशी काढा, ती ॲम्प्लिफायरमध्ये असो की घराच्या बोर्डात. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालू करू नका, आवाजाचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि पेटी उघडून आत बोट घालू नका. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट बराच वेळ बसून राहू शकतात, जीव जाऊ शकतो. व्हिडिओ बघून करण्याचं हे काम नव्हे. जाणत्या माणसाकडे न्या, आणि त्याला एकच प्रश्न विचारा: "हे जळलं कशामुळे?" उत्तर नुसतं "जुनं झालं होतं" असं आलं तर पैसे देऊ नका, दुसरीकडे न्या.

हा प्रश्न मी आता स्वतःलाही विचारते. आपण प्रतिक्रमण करतो, मिच्छामि दुक्कडं म्हणतो, क्षमावाणीला सगळ्यांचे पाय धरतो. घरी आल्यावर आठ दिवसांत त्याच सुनेवर, त्याच जावेवर, त्याच शब्दांत आवाज चढतो. मग पुढच्या वर्षी पुन्हा क्षमा. आम्ही पहिल्यांदा ट्रान्सफॉर्मर बदलला तसंच हे. जळकं काढलं, नवं बसवलं, कारण तसंच राहिलं. आलोचना म्हणजे पेटी उलटी करून बघणं, कुठे तार गुंडाळून ठेवली आहे, कुठे झेपणार नाही एवढं भरलं आहे. प्रत्याख्यान म्हणजे योग्य मापाचा फ्यूज, पुढच्या वेळी आधीच तुटून घर वाचवणारा. माझ्यापुरतं सांगते: माझा आवाज चढतो तो बहुतेकदा संध्याकाळी, अनथऊच्या घाईत, दिवसभराचं काम शेवटच्या तासात भरल्यामुळे. म्हणजे कंडेन्सर मोठा झालाय. यंदा मी क्षमा मागण्याबरोबर त्या तासातली दोन कामं दुपारी हलवली. सुनेने अजून काही म्हटलेलं नाही, पण परवा संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

पर्वाच्या पहिल्या दिवशी, उत्तम क्षमेच्या दिवशी, ॲम्प्लिफायर लावला. आत्याबाई जवळ खुर्ची ओढून बसल्या. भजन संपल्यावर म्हणाल्या, "त्यांनी पण फ्यूज म्हणून तारच लावली होती. मी सांगितलं होतं तेव्हा." पंधरा वर्षांनी कळलं, ती तार मामंजींनीच गुंडाळलेली होती. आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी हात जोडले, फोटोकडे बघून, आणि म्हणाल्या, "जाऊ दे, क्षमा केली."

जय जिनेंद्र.